मामीची साक्ष

माझी मामी पेन्सिलींच्या कारखान्यात रंग जुळवायची. एकवीस वर्षं तिने तेच काम केलं. लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये काळी कांडी बसवून, डिंक लावून, दाबून, कापून पेन्सिल तयार झाली की ती रंगाच्या खोलीत यायची. तिथे तिच्यावर रंगाचे सहा हात चढायचे. प्रत्येक हात आधीच्या हातासारखाच पडतोय की नाही, हे मामीने बघायचं. उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीशी तिचं टेबल होतं, कारण त्या बाजूचा उजेड दिवसभर सारखा असतो. कारखान्याची पेन्सिल गडद निळी. मामी काडीने रंग ढवळायची, नखावर एक थेंब घ्यायची आणि डोळे बारीक करून म्हणायची, "झोपलाय अजून. थोडा जागा करा."

म्हणजे त्यात किंचित पांढरा घाला. तिच्या हाताखालच्या बायकांना ही भाषा कळायची. उदास निळा, ओला निळा, रुसलेला निळा असे प्रकार त्या खोलीत रोज बोलले जायचे आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मी गावच्या शाळेत शिकवते. वर्गात चाळीस मुलं एकदम त्या पेन्सिली घेऊन लिहायला बसली की मला वाटायचं, मामीच वर्गभर पसरून बसली आहे.

मामा पुलावरच्या कस्टम चौकीत कारकून. आमच्या गावाशेजारी नदी, नदीवर पूल आणि पुलापलीकडे दुसरा देश. पलीकडची माणसं बोलतात आपल्यासारखीच, फक्त वाक्याचं शेपूट जरा ओढतात. मामा दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या कागदांवर शिक्के मारायचा. त्याची सवय इतकी अंगात मुरली होती, की झोपेतही त्याचा उजवा हात उशीवर आपटायचा. "आज रात्री चार ट्रक सोडले तुझ्या मामाने," असं मामी सकाळी चहा ओतताना मला सांगायची.

मग करार झाला. दोन्ही देशांनी एकमेकांच्या मालावरचं शुल्क टप्प्याटप्प्याने काढून टाकायचं, असा तो करार. गावच्या सभागृहात एक साहेब येऊन बोलून गेले. बाजार मोठा होईल, दोन्ही काठांचं भलं होईल, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामी मागे बसली होती. घरी येताना म्हणाली, "बोलत छान होते. पण त्यांनी एकदाही 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारलं नाही बघ."

पहिली दोन वर्षं खरंच सोन्यासारखी गेली. पलीकडच्या डोंगरातलं मऊ लाकूड शुल्काशिवाय येऊ लागलं. आमच्या जुन्या लाकडाची पेन्सिल टोक करताना तडकायची, ती तक्रार गेली. पेन्सिलीचं साल आता सुटायचं ते अख्खं, फुलासारखं, गोल गोल. कारखान्यात नव्या साठ बायका लागल्या. मालक खूश होते. ते रंगाच्या खोलीत येऊन मामीला म्हणाले, "बाई, तुमच्या निळ्याला आता शोभेल असं लाकूड मिळालं."

तिसऱ्या वर्षी दुसरा टप्पा आला. आता तयार मालही मोकळा झाला. पलीकडे एक भला मोठा पेन्सिलींचा कारखाना होता. त्याच्या हिरव्या पेन्सिली पुलावरून येऊ लागल्या आणि आमच्या निळ्यांपेक्षा निम्म्या भावात दुकानात लागल्या. चवथा महिना संपेपर्यंत आमच्या कारखान्याची दुसरी पाळी बंद पडली. डिंकाच्या खात्यातल्या निम्म्या बायका घरी बसल्या. संध्याकाळी कारखान्यावरून जाताना आतली यंत्रं गप्प उभी दिसायची, आणि वाळवायच्या पट्ट्यावर मोजक्या निळ्या पेन्सिली एकामागून एक, अगदी सावकाश, पाण्यावर तरंगत निघाल्यासारख्या जाताना दिसायच्या.

तेव्हा सरकारने एक नियम काढला. शाळांमध्ये ज्या पेन्सिली जातील, त्यांचा रंग आपल्याच देशाच्या प्रयोगशाळेत तपासलेला असला पाहिजे. मुलं पेन्सिल चावतात, म्हणून. ऐकायला नियम रास्त होता. पेन्सिलीतल्या ज्या काळ्या कांडीला आपण शिसं म्हणतो, तिच्यात शिसं मुळी नसतंच. पूर्वी खरं शिसं असायचं ते वरच्या रंगात, आणि ते पोटात गेलं तर मुलांचं डोकं मंद होतं. हे मला मामीनेच शिकवलेलं. पण प्रयोगशाळेत पलीकडच्या पेन्सिलींची खोकी सात-सात महिने पडून राहू लागली. आमची खोकी आठ दिवसांत बाहेर. कुणी काही बोललं नाही. कारखान्यात पुन्हा थोडी धुगधुगी आली. मीही गप्प होते. माझ्या वर्गात निळ्या पेन्सिली परत आल्याचा आनंदच झाला होता मला.

पलीकडच्या देशाने तक्रार केली. करारात तशी सोय होती. भांडण झालं, तर तिघांचं एक मंडळ बसेल, दोन्ही बाजू ऐकेल आणि ते सांगेल ते दोन्ही सरकारांना मान्य करावं लागेल. सुनावणी नदीपलीकडच्या शहरात ठरली. आमच्या सरकारच्या वकिलांना रंगातलं कळणारं माणूस साक्षीला हवं होतं. मालकांनी मामीचं नाव सुचवलं.

मामीने हे गंभीरपणे घेतलं. तिने गावातल्या वेगवेगळ्या दुकानांतून चाळीस हिरव्या पेन्सिली आणल्या. कारखान्यात रंग तपासायची साधी रीत होती. रंग थोडा खरवडून त्यावर औषधाचा थेंब टाकायचा, शिसं असेल तर डाग काळा पडतो. दोन दिवस ती तेच करत बसली. चाळीस थेंब टाकले. चाळीसही हिरवेच राहिले.

ती मालकांकडे गेली. "साहेब, रंग स्वच्छ आहे त्यांचा."

मालक बराच वेळ टेबलावरच्या कागदांची थप्पी नीट करत राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला तेवढं नेमकं विचारणार नाहीत. तपासणी का गरजेची, एवढंच सांगा. विचारलं तरच बोला."

"आणि विचारलं तर?"

"नाही विचारणार."

सुनावणीच्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. सरकारी गाडी पुलाच्या त्या टोकाला येणार होती, म्हणून पूल पायी ओलांडायचा होता. पुलापासून दोनशे पावलांवर राहणारी माझी मामी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा त्यावरून चालली. सोबत मी होते. मामाने चौकीतून आम्हा दोघींचे कागद बघितले, ओळख नसल्यासारखा चेहरा करून शिक्का मारला आणि हळूच म्हणाला, "स्वेटरचं वरचं बटण लाव."

मधोमध पोचलो तेव्हा मागचा काठ दिसेना आणि पुढचाही दिसेना. खाली पाण्याचा आवाज, तोही कापसात गुंडाळल्यासारखा. मामी थांबली. कठड्यावर हात ठेवून उभी राहिली. तिने नंतर मला सांगितलं, की त्या दहा पावलांत ती कुठलीच नव्हती. ना इथली, ना तिथली, ना कुणाची बायको, ना कुणाची साक्षीदार. "फार हलकं वाटलं गं," म्हणाली. "परत फिरावं किंवा तिथेच राहावं, असं वाटलं. पण राहणार कुठे, पुलावर?"

सुनावणीची खोली एका हॉटेलात होती. खिडक्यांना जाड पडदे. लांबलचक टेबल, पाण्याचे पेले, तिघे सभ्य लोक. मधल्या बाई अध्यक्ष होत्या, केस पांढरेशुभ्र, आवाज मऊ. दोन्ही बाजूंचे वकील कलम अमुक, पोटकलम तमुक असं बोलत होते. मामी नंतर म्हणाली, की ती सगळी वाक्यं तिला झोपेत ऐकू येतात तशी ऐकू येत होती. शब्द ओळखीचे, पण अर्थ हाताला लागत नाही. मग कुणीतरी तिला पुढे बोलावलं.

आमच्या वकिलांनी सोपं सोपं विचारलं. मुलं पेन्सिल चावतात का? चावतात. रंग पोटात जातो का? जातो. मग तपासणी हवी ना? हवी.

वकील बसले. मग अध्यक्षबाईंनीच एक हिरवी पेन्सिल उचलून विचारलं, "तुम्ही या पेन्सिली तपासल्या आहेत का?"

"हो. चाळीस."

"मुलांना त्या धोक्याच्या आहेत?"

मामी त्या पेन्सिलीकडे बघत राहिली. मी मागच्या रांगेत होते. मला तिची फक्त पाठ दिसत होती.

"नाहीत," ती म्हणाली. "रंग चांगला आहे. खरं सांगायचं तर आमच्याहून एक हात जास्तच दिलाय त्यांनी."

खोलीत कुणीतरी पेला खाली ठेवला, त्याचा आवाज झाला. आमच्या वकिलांनी डोळे मिटले.

"मग ही खोकी सात महिने का थांबतात?"

"ते मला माहीत नाही. म्हणजे, माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. थांबवणं चूक आहे." मग ती उठायला लागली आणि पुन्हा बसली. "पण बाई, बघणं चूक नाही. आज रंग चांगला आहे म्हणून उद्या आम्ही डबा उघडून बघायचं नाही, असं तुम्ही लिहू नका. पोरं आमची आहेत. बघायला कुणाची परवानगी काढावी लागू नये. त्यांनीही आमचं बघावं, खुशाल."

अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मामीला जायला सांगितलं.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात एक उंच, सुकलेला माणूस आमच्याजवळ आला. तो पलीकडच्या कारखान्याचा रंगारी, त्यांच्या बाजूचा साक्षीदार. त्याने आधी मामीच्या नखांकडे बघितलं.

"निळा?"

"निळा," मामी म्हणाली. तिनेही त्याची नखं बघितली. "हिरवा."

"तुमचा निळा उन्हात उडत नाही. मी वर्षभर खिडकीत ठेवून बघितलाय. कसं काय?"

"आणि तो वरचा सहावा... सातवा हात तुमचा, तो फुगत कसा नाही?"

मग दोघं असे बोलायला लागले, जणू एकाच आळीत वाढले होते. तो म्हणाला, की त्यांच्याकडेही फार काळ उरलेला नाही. रंग जुळवणारं यंत्र आलं आहे, आणि त्याच्या खात्यात अकरा माणसांचे दोन राहिले आहेत. "हिरवं जिंकलं म्हणतात लोक," तो हसून म्हणाला. "मला कुणी अजून कळवलं नाही."

निकाल दोन महिन्यांनी आला. नियम नव्वद दिवसांत मागे घ्या, पलीकडचा दाखला इकडे चालेल आणि इकडचा तिकडे, असा. आमच्या सरकारने केलेला नियम तिघांनी पुसला, आणि ते तिघे कोण, कुठले, कुणी निवडलेले, हे गावात कुणाला सांगता येईना. लोक चिडले. चीड काढायला तिघे कुणी हाताशी नव्हते. मामी होती.

कारखाना त्या थंडीत बंद पडला. फाटकावर नोटीस लागली त्या दिवशी डिंकाच्या खात्यातली अक्का, जिच्यासोबत मामीने वीस वर्षं एका बाकावर बसून डबा खाल्ला होता, ती समोर आली.

"खोटं बोल, असं नाही म्हणत मी," अक्का म्हणाली. "पण गप्प बसता आलं असतं."

"विचारलं गं त्यांनी."

"विचारलं तर काय झालं? मला रोज माझी सून विचारते, भाजी कशी झालीय. मी रोज खरं सांगते?"

एरवी यावर दोघी पोट धरून हसल्या असत्या. अक्का वळून निघून गेली.

मामी महिनाभर घराबाहेर पडली नाही. पावाच्या दुकानातही मीच जायचे. शुल्कच उरलं नाही, म्हणून मामाची चौकीही याच सुमारास उठली. शिक्के, शाईच्या गाद्या, लोखंडी कपाट, सगळं एका ट्रकमधून गेलं. दोघं नवरा-बायको दिवसभर समोरासमोर बसायचे. एकदा मी गेले तर मामी म्हणत होती, "तीनशे घरं, अहो. माझ्या एका 'नाहीत'वर."

मामा म्हणाला, "तुझ्या 'नाहीत'वर नाही. तू 'आहेत' म्हणाली असतीस, तर त्यांनी पेन्सिली दुसरीकडे तपासून घेतल्या असत्या आणि निकाल तोच लागला असता. वर तू खोटी ठरली असतीस." मग म्हणाला, "आणि मला खोट्या बाईबरोबर दिवसभर घरात बसावं लागलं असतं. चौकीही नाही आता पळायला."

मामी हसली. बऱ्याच दिवसांनी.

वसंतात पलीकडच्या त्या मोठ्या कारखान्याने आमचा कारखाना विकत घेतला. पेन्सिलींचं सगळं काम पलीकडे गेलं. इथे फक्त चित्रकारांच्या रंगीत कांड्या करायचं एक नवं खातं काढलं. मेण, माती आणि रंग एकत्र मळून त्या करतात, तिथे यंत्राचं फार चालत नाही. बेचाळीस माणसं घेतली. मामीच्या नावाची शिफारस त्या उंच रंगाऱ्याने केली होती, हे तिला पुष्कळ नंतर कळलं. ती त्या खात्याची प्रमुख झाली. तिचा निळा आता दोन्ही काठांवर विकला जातो, आणखी पुढच्या देशांतही जातो. एवढा दूर तो पूर्वी कधीच गेला नव्हता. पण डब्यावर आमच्या गावाचं नाव नाही. यंदा कुठले रंग काढायचे, कुठले बंद करायचे, याचं पत्र पलीकडून येतं. एका वर्षी त्यांनी गडद जांभळा बंद केला. मामीने तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं, ते छापील होतं.

राहिलेल्यांचं निरनिराळं झालं. काही घरं गाव सोडून गेली. काही बायका पलीकडच्या चपलांच्या कारखान्यात लागल्या. सकाळी साडेसहाला पन्नासेक जणी पूल ओलांडतात, कुणी कागद मागत नाही. अक्का त्यांच्यात आहे. तिथे पगार बरा आहे, असं ती सगळ्यांना सांगते. मामी दिसली तर मान हलवते, आणि चालत राहते.

निकालाच्या शेवटी एक छोटा परिच्छेद होता. तो सुरुवातीला कुणी वाचलाच नव्हता. दोन्ही देशांनी मिळून तपासणीचं एक टेबल ठेवावं. कुठल्याही बाजूच्या माणसाला कुठल्याही दुकानातून मुलांची कुठलीही वस्तू उचलून आणता यावी आणि तिचा रंग आठ दिवसांत तपासून मिळावा, असं त्यात लिहिलं होतं. मामी म्हणते, हे तिच्यामुळे झालं नाही, बाईंच्या मनात आधीच असेल. पण ते टेबल मांडलं गेलं तेव्हा आमच्या बाजूने तिलाच बोलावलं. आठवड्यातून दोन दिवस ती आणि तो उंच रंगारी समोरासमोर बसतात. बाहुल्या, ठोकळे, गाड्या, शिट्ट्या. मी एकदा गेले होते. अख्खं टेबल लाल-पिवळ्या खेळण्यांनी भरलेलं, वरून ऊन येत होतं आणि ही दोन पिकलेली माणसं मांजरांसारखी डोळे अर्धे मिटून एकेक वस्तू उजेडात फिरवत होती. बोलत कुणीच नव्हतं. त्या वर्षी त्यांनी पलीकडचे ठोकळे परत पाठवले आणि आमच्या बाजूच्या शिट्ट्याही. शिट्ट्यांवरून गावात पुन्हा दोन दिवस कुरकुर झाली. यावेळी मामी रोजच्यासारखी पाव आणायला स्वतः गेली.

कराराला दहा वर्षं झाली, तेव्हा त्याचं नूतनीकरण निघालं. सरकारने लोकांची मतं मागवली. मामीने एक पान लिहिलं. मला वाचून दाखवलं. करार मोडा, असं त्यात नव्हतं. करार फार छान आहे, असंही नव्हतं. एवढंच होतं, की ज्यांचा निकाल लावायचा त्यांच्या गावात बसून लावा, दारं उघडी ठेवा, आणि निकाल देणारे कोण आहेत ते आधी फळ्यावर लिहा.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढं झालं तर पुरे झालं."

अशी पत्रं शेकड्यांनी गेली असणार, दोन्ही काठांवरून. नव्या करारात सुनावण्या आळीपाळीने इकडे-तिकडे घ्यायचं ठरलं, आणि कुणालाही येऊन बसायची मुभा मिळाली. मंडळाची नावं आधी जाहीर होतात. निकाल अजूनही तिघांचाच चालतो, तेवढं काही बदललं नाही.

आमच्या गावातली पहिली सुनावणी गेल्या महिन्यात वाचनालयात झाली. वाद फुलांच्या बियाण्यांचा होता. मामा-मामी दोघंही गेले, तिसऱ्या रांगेत बसले. दारं सताड उघडी, रस्त्यावरची माणसं आत डोकावत होती. एका वकिलाने कलम अमुक, पोटकलम तमुक असं सुरू केलं. पुस्तकांच्या कपाटांवर दुपारचं ऊन हळूहळू सरकत होतं. अर्ध्या तासाने मी वळून बघितलं, तर मामीची मान एका बाजूला कलली होती.

मामाने तिला कोपराने ढोसलं. "अगं, झोपतेस काय? एवढं भांडून मिळवलंस."

"ऐकतेय मी," डोळे न उघडता मामी म्हणाली. "कुणी काही विचारलं, तर उठवा."